विलायतेतील फळांची टोपली : स्वॉनिकच्या कारखान्याची हकीकत

फळ खाऊन संपते, आणि ते ज्या पेटीतून आले ती पेटी पावसाळ्याच्या तोंडाशी सरपणात जाते. त्यामुळे फळांवर लिहिणारे पुष्कळ आढळतात, पण पेटीचा इतिहास लिहिण्याच्या भरीस सहसा कोणी पडत नाही. वास्तविक पाहता बागायतदाराच्या पदरात शेवटी काय पडले हे अनेकदा फळाच्या गोडीपेक्षा ते कोणाच्या पेटीतून बाजारास गेले ह्यावर अवलंबून राहिले आहे. आंब्याच्या मुलखातून आलेल्या आमच्या वाचकांस ही गोष्ट नव्याने सांगावयास नको. परंतु विलायतेतील स्ट्रॉबेरी पिकविणाऱ्या लहान शेतकऱ्यांच्याही ती शंभराहून अधिक वर्षांपूर्वी ध्यानी आली होती, आणि त्यांनी तीवर एक उपायही योजिला. टोपल्या तयार करण्याचा स्वतःचा कारखाना त्यांनी काढला. त्या कारखान्याची, आणि त्या निमित्ताने विलायतेतील टोपल्या-पेट्यांच्या धंद्याची हकीकत वाचकांपुढे ठेवण्याचे आम्ही योजिले आहे.

प्रथम जुन्या काळची व्यवस्था समजून घेतली पाहिजे. रेल्वे येण्यापूर्वी, आणि ती आल्यावरही कित्येक वर्षे, इंग्लंडात घाऊक बाजारातील फळ बहुधा तागडीने विकले जात नसे. ते मापाने विकले जाई, आणि माप म्हणजेच टोपली. त्यातील मुख्य माप बुशेल. एक बुशेल म्हणजे आठ गॅलन, आजच्या हिशेबाने सुमारे ३६ लिटर, आणि सफरचंदांचे म्हणाल तर ढोबळ मानाने ४० पौंड. त्याखेरीज 'सीव्ह' व 'हाफ-सीव्ह' ह्या नावांच्या गोल टोपल्या बाजारात चालत. सीव्ह ह्या शब्दाचा मूळ अर्थ चाळण. ह्या टोपल्या विलोच्या, म्हणजे आपल्याकडील वाळुंजाच्या जातीच्या झाडाच्या, कोवळ्या काठ्या भिजवून विणीत. आपल्याकडे बुरूड बांबूच्या कामट्या काढून जे काम करितो, तेच काम तिकडील टोपलीवाला वाळुंजाच्या काठीने करीत असे. दोघांची हत्यारे पाहिली तर त्यांत फारसा फरक आढळत नाही. कोयता, सुरी, दाभण आणि जन्मभराची सवय.

लंडनमधील फळांचा सर्वांत नावाजलेला बाजार म्हणजे कॉव्हेंट गार्डन. १६७० साली बेडफर्डच्या अर्लला राजाकडून ह्या बाजाराची सनद मिळाली, आणि १९७४ च्या नोव्हेंबरात तो थेम्स नदीपलीकडे नाइन एल्म्स येथे हलविला जाईपर्यंत तीनशे वर्षांहून अधिक काळ तेथे फळे-भाज्या विकल्या गेल्या. तेथील हमाल रिकाम्या गोल टोपल्यांची चळत डोक्यावर घेऊन चालत. कोणाच्या डोक्यावर किती टोपल्या राहतात ह्याच्या त्यांच्यात चढाओढी होत, आणि त्यांची छायाचित्रे अद्यापि पुस्तकांतून छापली जातात. पाहणारास गंमत वाटते. परंतु ती चळत कोणाच्या मालकीची होती हा प्रश्न छायाचित्र पाहणारा विचारीत नाही.

त्या टोपल्यांवर बहुधा अडत्याचे नाव रंगविलेले असे. अडत्या रिकाम्या टोपल्या बागायतदाराकडे धाडी. बागायतदार त्या भरून परत पाठवी. माल विकला की अडत्या पट्टी करून पाठवी. पट्टीत विक्रीच्या रकमेतून अडत वजा, गाडीभाडे वजा, हमाली वजा आणि टोपल्यांचे भाडेही वजा. टोपली हरवली वा मोडली तर तिचा भुर्दंड निराळा. ज्याच्या नावाची टोपली दारात पडली आहे, त्यालाच माल पाठविणे ओघाने आले. दुसऱ्या अडत्याकडे चार पैसे अधिक मिळत आहेत असे कानावर आले तरी त्याच्या टोपल्या दारात नाहीत, आणि झाडावरचे फळ काही थांबत नाही. कर्जाचा कागद लिहून न घेताही माणसास बांधून ठेवता येते, त्याचे हे एक उदाहरण म्हणावे लागेल.

स्ट्रॉबेरीची गोष्ट तर ह्याहूनही नाजूक. सफरचंद आठ-पंधरा दिवस कसेही पडून राहील, पण स्ट्रॉबेरी आज तोडली की उद्या सकाळी बाजारात पाहिजे आणि परवा ती फेकून देण्याच्या लायकीची झाली. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात लंडनच्या पश्चिमेकडील आयझलवर्थ गावाच्या मळ्यांतून ही फळे स्त्रियांच्या डोक्यावरून कॉव्हेंट गार्डनला जात. श्रॉपशायर आणि वेल्स प्रांतांतून ह्या बायका हंगामापुरत्या येत आणि डोक्यावर मोठी पाटी घेऊन, फळ चेंगरू नये म्हणून गाडीऐवजी पायी, ती आठ-दहा मैलांची वाट चालून जात. फळ विकले जाई ते 'पॉटल' नावाच्या लांबट, निमुळत्या टोपलीतून. तिचा आकार असा की वर चार टपोरी फळे मांडली म्हणजे खालच्या चिंचोळ्या भागात काय भरले आहे ते गिऱ्हाइकास दिसू नये. ह्या लबाडीबद्दल लंडनकरांची तक्रार कायमची होती. आमचे वाचक आंब्याच्या पेटीतील खालचा थर आठवून हसतील, ह्याची आम्हांस खात्री आहे.

येथे थोडे विषयांतर करून एक गोष्ट नमूद करावीशी वाटते. त्याच काळात लंडनमधील संत्र्यांच्या व्यापाराचे एक मोठे ठिकाण ड्यूक्स प्लेस हे होते. तेथे आपल्या धर्मबांधवांचे मोठे सिनेगॉग होते, आणि त्याच्या आसमंतातच यहुदी व्यापाऱ्यांची संत्र्यांची व सुक्या फळांची दुकाने होती. हेन्री मेह्यू ह्या पत्रकाराने लंडनच्या कष्टकरी लोकांविषयी १८५१ च्या सुमारास जे विस्तृत लेखन केले त्यात ह्या बाजाराचे वर्णन आहे. संत्री अझोर बेटांतून व स्पेन-पोर्तुगालातून पातळ फळ्यांच्या पेट्यांत येत. पेटी एकदा फुटली की ती परत कोठेच जावयाची नसे. परतीच्या टोपलीचे जे दुखणे इंग्रज शेतकऱ्यास होते ते ह्या धंद्यात नव्हते, ही बाब पुढे महत्त्वाची ठरणार आहे. ते सिनेगॉग १९४१ च्या मे महिन्यातील बाँबहल्ल्यात नष्ट झाले.

आता मूळ विषयाकडे वळू. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर साउदॅम्प्टन आणि पोर्टस्मथ ह्या दोन बंदरांच्या मध्ये हॅम्पशायर परगण्याचा जो भाग आहे, तेथे स्वॉनिक, सारिसबरी, पार्क गेट, लॉक्स हीथ अशी लहान लहान गावे होती. जमीन हलकी, रेताड. समुद्राजवळची हवा सौम्य. एकोणिसाव्या शतकाच्या साठीत टिचफील्डची सामाईक माळजमीन वाटून कुंपणात घेतली गेली, आणि तिचे लहान लहान तुकडे सामान्य माणसांच्या हाती आले. अशा तुकड्यावर गहू लावून कोणाचे पोट भरणार? पण स्ट्रॉबेरी लाविली तर दोन-चार एकरांवर एक कुटुंब तगू शकते, असे आढळून आले. शिवाय दक्षिणेकडील हे फळ इतर भागांतील फळाच्या काही दिवस आधी पिके, आणि हंगामाच्या आरंभीच्या फळास जो भाव मिळतो तो मागाहून मिळत नाही. देवगडच्या बागायतदारास हे गणित समजावून सांगावे लागत नाही.

प्रथम हा माल गाड्यांतून बॉटली स्टेशनावर नेत. तेथे रेल्वे १८४१ साली आली होती, परंतु वाट लांबची आणि खडबडीत. १८८९ साली साउदॅम्प्टनकडून फेअरमकडे जाणारा मार्ग पुरा झाला आणि स्वॉनिकचे स्टेशन उघडले. तेव्हापासून ह्या भागाचे नशीब पालटले. जून-जुलैत स्टेशनाबाहेर फळांनी भरलेल्या गाड्यांची लांबच लांब रांग लागे. रेल्वे कंपनीने आत फळ्यांचे कप्पे बसविलेले डबे ठेविले, आणि खास स्ट्रॉबेरीच्या म्हणून गाड्या सोडल्या. त्या केवळ लंडनलाच जात असे नव्हे, तर पार स्कॉटलंडपर्यंत माल पोहोचवीत. तोडणीच्या दिवसांत शाळांतील मुले मळ्यांत असत, म्हणून शाळांनीही आपली सुट्टी त्या हिशेबाने धरावी असा प्रघात पडला. बंदरांतील गरीब कुटुंबे आणि जिप्सी लोक मजुरीस येत. पहाटे चारपासून तोडणी. कारण ऊन लागलेले फळ वाटेत नासते.

एवढा माल जाऊ लागल्यावर टोपल्यांचा प्रश्न उभा राहिला. आम्ही एक साधा हिशेब करून पाहिला. टोपलीत चार पौंड फळ मावते असे धरले तर एका विलायती टनास, म्हणजे २,२४० पौंडांस, ५६० टोपल्या लागतात. एका गाडीत असे कित्येक टन, आणि हंगामात अशा गाड्या रोजच्या. वाळुंजाच्या विणलेल्या टोपल्या मजबूत खऱ्या, पण महाग. त्या परत आल्याच पाहिजेत. आणि ग्लासगोला गेलेली टोपली स्वॉनिकला परत केव्हा येणार? हंगाम तर पाच-सहा आठवड्यांचा. टोपली परत येईपर्यंत वेल वाळलेले असत. दूरचा बाजार हवा असेल तर एकदाच वापरून टाकून देण्याजोगी, परंतु दिसण्यास नीटनेटकी आणि अत्यंत स्वस्त टोपली हवी, आणि ती आपली स्वतःची हवी.

अशी टोपली यंत्राने निघाली. तिला 'चिप' टोपली म्हणत. तिची कृती थोडक्यात अशी. पॉपलरसारख्या मऊ लाकडाचा ओंडका हव्या त्या लांबीचा कापावयाचा, पाण्यात वा वाफेत मुरवावयाचा, आणि मग यंत्रावर फिरवीत लांब पात्याने त्याचा कागदासारखा पातळ पापुद्रा सोलून काढावयाचा. ह्या पापुद्र्याच्या पट्ट्या कापून त्या एकमेकींवर आडव्या-उभ्या मांडावयाच्या, लाकडी साच्यावर दुमडून उभ्या करावयाच्या, काठाभोवती दुसरी पट्टी गुंडाळून ती तारेच्या टाक्यांनी पक्की करावयाची, आणि वर एक धरण्याची कडी बसवावयाची. सरावलेल्या हातास ह्या कामी क्षणाचाही विचार करावा लागत नसे. असे काम करणाऱ्यांत स्त्रियांचा भरणा मोठा असे. विणणाऱ्या टोपलीवाल्याची वर्षानुवर्षांची उमेदवारी येथे लागत नव्हती, आणि त्याची मजुरीही द्यावी लागत नव्हती. ह्या यंत्राने वाळुंजाची टोपली विणणाऱ्या जुन्या कारागिरांच्या पोटावर पाय आला, हे येथे सांगून टाकणे बरे. लहान शेतकऱ्याची सुटका आणि लहान कारागिराची अडचण ही दोन्ही एकाच यंत्राची कामे होत.

स्वॉनिक परिसरातील बागायतदारांचा संघ होता. पहिल्या महायुद्धाच्या तोंडाशी ह्या संघाने स्वॉनिक स्टेशनाजवळ आपला टोपल्यांचा कारखाना उभारिला. ही घटना लहान दिसते, पण तिचा अर्थ लहान नाही. इंग्लंडात सहकाराचा पाया १८४४ साली रॉचडेलच्या विणकरांनी घातला तो गिऱ्हाइकांच्या बाजूने. पीठ आणि लोणी रास्त भावात मिळावे म्हणून. माल पिकविणाऱ्याने बाजाराच्या वाटेवरील एक एक कडी आपल्या ताब्यात घ्यावी हा विचार इंग्लंडच्या शेतकऱ्यात तसा उशिरा रुजला. आपल्या महाराष्ट्रात प्रवरेच्या शेतकऱ्यांनी १९५० च्या सुमारास साखर कारखाना सुरू केला, त्याच्या आधी एक पिढीहून अधिक काळ स्वॉनिकच्या दोन-चार एकरवाल्यांनी हे धाडस केले होते. त्यांनी फळावर प्रक्रिया केली नाही, बाजार काढला नाही, रेल्वेही आपली केली नाही; फक्त टोपली आपली केली. परंतु टोपली आपली झाल्याबरोबर कोणत्या शहरास, कोणत्या अडत्यास, किती माल पाठवावयाचा हे शेतकऱ्यास ठरविता येऊ लागले. आमच्या मते ह्या उद्योगाचे खरे उत्पन्न टोपल्या हे नसून ही मोकळीक हे होते.

तथापि अशा कारखान्याच्या धंद्यात एक जात्याच अवघड गाठ असते, ती व्यापारी वाचकांच्या ध्यानी आल्यावाचून राहणार नाही. गिऱ्हाईक वर्षातून पाच-सहा आठवडे येते, आणि येते तेव्हा त्यास लाखांनी टोपल्या त्याच दिवशी हव्या असतात. म्हणून माल हिवाळाभर करून ठेवावा लागतो. त्यास कोरडी, उंदरांपासून सुरक्षित आणि ऐसपैस जागा हवी, कारण टोपली वजनाला हलकी पण जागेला भारी. लाकूड आगाऊ घ्यावे लागते, मजुरी आठवड्याच्या आठवड्याला द्यावी लागते, आणि पैसा मात्र जुलैनंतर सुटतो. मे महिन्याच्या एका रात्रीत थंडी पडून मोहर करपला, तर वर्षभराच्या टोपल्या तशाच पडून राहणार. खाजगी मालक अशा वर्षी दर वाढवील अथवा टाळे लावील. संघाचा कारखाना असल्यास नुकसान पुन्हा सभासदांच्याच गळ्यात येते. पण ज्यांच्या शेतात फळच नाही त्यांच्यावर टोपल्यांचा तगादा लावणारा तिसरा कोणी नसतो, हाही लाभ थोडाथोडका नव्हे.

ह्याच सुमारास सफरचंद व नासपती पिकविणाऱ्या इंग्रज बागायतदारांवर परक्या पेटीचे संकट आले होते. कॅनडा, अमेरिका, टास्मानिया येथून येणारे सफरचंद सारख्या आकाराचे, प्रतवारी केलेले आणि स्वच्छ पांढऱ्या लाकडाच्या नव्या कोऱ्या पेटीत, प्रत्येक फळ कागदात गुंडाळून, येत असे. त्याच्या शेजारी केंटचे सफरचंद डाग पडलेल्या जुन्या बुशेल-टोपलीत लहानमोठे एकत्र भरून ठेविलेले. चवीत केंटचे फळ कोणास हार जाणारे नव्हते. पण दुकानदार काचेमागे मांडी ते परदेशी. शेवटी १९२८ साली पार्लमेंटने शेतमालाच्या प्रतवारीचा व खुणेचा कायदा केला, आणि 'नॅशनल मार्क' ही खूण निघाली. ह्या योजनेत प्रतीबरोबरच पेटीलाही नियम आले. त्यामुळे फळ पिकविणाऱ्या परगण्यांत फळ्या कापून खिळे ठोकणाऱ्या लहान लहान पेटीवाल्यांस बरे दिवस आले. फळ्या बहुतेक बाल्टिक समुद्राकाठच्या देशांच्या, म्हणजे स्वीडन-फिनलंडकडच्या लाकडाच्या, कापणी इकडची.

दुसरे महायुद्ध सुरू झाले आणि १९४० साली नॉर्वे-डेन्मार्क जर्मनांच्या हाती पडल्यावर हे लाकूड येणे जवळजवळ थांबले. लाकडावर सरकारी नियंत्रण आधीच, १९३९ साली, आले होते. पेटी पुन्हा परतीची झाली. फळीफळीचा हिशेब द्यावा लागू लागला. स्ट्रॉबेरीसारख्या चैनीच्या फळाखालील जमीन बटाटे व भाजीपाल्याकडे वळवावी असे धोरण होते. युद्ध संपल्यावर स्वॉनिकच्या मळ्यांनी पुन्हा डोके वर काढले खरे, पण पूर्वीचा जोम राहिला नव्हता. वेलांच्या मुळांस रोग लागला होता, मजुरी वाढली होती, आणि बंदरांतल्या बायकांस कारखान्यांत बारमाही काम मिळू लागले होते. रेल्वेच्या जागी मोटारलॉरी आली आणि स्ट्रॉबेरीच्या खास गाड्या बंद पडल्या. लाकडी पापुद्र्याच्या जागी प्रथम कागदी पुठ्ठा आणि त्यामागून प्लॅस्टिक आले. पुठ्ठ्याचा डबा घडी करून सपाट पाठविता येतो. टोपल्यांच्या कारखान्यास ज्या कोठारांचा बोजा होता तो पुठ्ठ्यास मुळीच नाही. आमच्या समजुतीने लाकडी टोपलीचा पराभव फळाच्या बाजारात न होता प्रथम कोठारातच झाला. स्वॉनिकच्या कारखान्याचे दिवसही अशाच रीतीने भरत आले.

परंतु केवळ प्लॅस्टिकला दोष देऊन भागणार नाही. तेथील जमीन घरांसाठी मागितली जाऊ लागली. दोन बंदरांमधला हा पट्टा, त्यातून १९७० नंतरच्या दशकात मोठा मोटाररस्ता झालेला. चार एकरांच्या स्ट्रॉबेरीतून जन्मभरात जे मिळाले नसते ते एका सहीने मिळू लागले. लॉक्स हीथ आणि आसपासची गावे पाहता पाहता वसाहतीखाली गेली, आणि व्हाइटली हे नवे गाव १९८० नंतर उभे राहिले. फळच गेल्यावर टोपली कोणासाठी करावयाची? स्वॉनिकचे स्टेशन आजही चालू आहे. तेथे सकाळी नोकरदारांची गर्दी असते.

ह्या हकीकतीच्या जोडीला दुसऱ्या एका लहान कारखान्याची गोष्ट ठेवून पाहण्याजोगी आहे. ससेक्स परगण्यात हर्स्टमॉन्सू गावी टॉमस स्मिथ नावाचा कारागीर एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात 'ट्रग' नावाची होडीच्या आकाराची टोपली करीत असे. गोड चेस्टनटच्या फोकेची चिरफाळी वाफवून, वाकवून कडे आणि मूठ करावयाची, आणि त्यात वाळुंजाच्या पातळ फळ्या, बहुधा सात, एकीवर एक चढवून ठोकावयाच्या. ज्या वाळुंजापासून क्रिकेटची बॅट होते त्याच जातीचे हे लाकूड. पूर्वी शेतकरी धान्य-फळे मापण्यास असलीच भांडी वापरीत. १८५१ साली हाइड पार्कमध्ये जे जगप्रसिद्ध प्रदर्शन भरले त्यात स्मिथने आपला माल मांडिला. व्हिक्टोरिया राणीने तो पाहून आपल्या घरच्या मंडळींसाठी मागणी नोंदविली. कारखान्याच्या परंपरेत असे सांगतात की, माल तयार झाल्यावर स्मिथ आणि त्याचे बंधू तो हातगाडीवर घालून सुमारे साठ मैल चालत बकिंगहॅम राजवाड्यापर्यंत गेले. दुसऱ्या कोणाच्या हाती तो देण्यास त्यांचा जीव धजला नाही. तेव्हापासून ह्या टोपलीस 'रॉयल ससेक्स ट्रग' हे नाव पडले.

ही टोपली बाजाराच्या फळांची राहिली नाही. ती बागेच्या हौसेची वस्तू झाली, आणि म्हणून तगली. तिचे गिऱ्हाईक ती एकदा घेतो आणि मुलांस ठेवून जातो. तरीही 'हेरिटेज क्राफ्ट्स' ह्या संस्थेने २०१७ पासून विलायतेतील हातकसबांची जी यादी प्रसिद्ध करण्यास आरंभ केला, तीत ट्रगचा हुन्नर धोक्यात आलेल्यांत नोंदला आहे. हात शिकविणारे थोडे आणि शिकणारे त्याहून थोडे. स्वॉनिकने लाखांनी टोपल्या केल्या, आणि त्यांतील एकही कोणी जपून ठेवावी अशी अपेक्षा नव्हती. कोणती टोपली श्रेष्ठ, हा वाद आम्हांस निरर्थक वाटतो. तथापि राणीची टोपली सर्वांच्या ठाऊक आहे आणि शेतकऱ्यांची टोपली गावाबाहेर फारशी कोणास ठाऊक नाही, म्हणून आम्ही दुसरीस अधिक जागा दिली.

आता ह्याच बाजाराच्या दुसऱ्या टोकास आपली कोकणची पेटी आहे. १९३२ व १९३३ साली मुंबई इलाख्याच्या शेतकी खात्याने युरोपास आंबे पाठविण्याचे प्रयोग केले, आणि चीमा व दाणी ह्या अधिकाऱ्यांनी १९३४ साली त्यांचा अहवाल प्रसिद्ध केला. बोटीचा प्रवास तीन आठवड्यांचा. तेव्हा आंबा किती कच्चा तोडावा, तो कोणत्या थंडीत ठेवावा, ह्या सर्व बाबींचा खल त्या वर्षांत झाला. १९३७ च्या मे महिन्यात सहाव्या जॉर्जच्या राज्याभिषेकाच्या सुमारास क्रॉफर्ड मार्केटातून हापूस आंबे लंडनच्या बाजारात गेले. पुढे विमाने आली, आणि लंडन-लेस्टरच्या दुकानांत एप्रिल-मे महिन्यांत हापूसची रास लागू लागली. मात्र त्या दुकानांतली पेटी आमच्या पिढीने रत्नागिरीच्या धक्क्यावर पाहिलेली पेटी नव्हे. ती जंगली लाकडाच्या खरबरीत फळ्यांची असे. आत भाताचा पेंढा, वर ठोकलेल्या पट्ट्या, आणि काळ्या शाईने लिहिलेली दलालाची खूण. पेंढ्याच्या उबेत आंबा वाटेतच पिके. पेटी उघडताच घरभर वास सुटे. विमानाचा डबा पुठ्ठ्याचा, भोके पाडलेला आणि मोजका.

१ मे २०१४ पासून युरोपीय संघाने भारतीय आंब्याची आयात थांबविली, कारण आलेल्या मालात फळमाशी आढळली होती. विलायतेतील आपल्या अनेक कुटुंबांस त्या वर्षी हापूस मिळाला नाही. बंदी २०१५ च्या आरंभी उठली. एखाद्या पेटीत काय निघाले ह्यावर सबंध किनाऱ्याचा हंगाम अवलंबून राहू शकतो, हे त्या वेळी सर्वांस दिसले. लाकडी वेष्टनात कीड जाऊ नये म्हणून आंतरराष्ट्रीय नियमाने जाड लाकूड तापवून वा औषध देऊनच पाठवावे लागते. सहा मिलिमीटर अथवा त्याहून पातळ लाकडास मात्र ह्या नियमातून सूट आहे. म्हणजे स्वॉनिकची पापुद्र्याची टोपली आजच्या नियमांतही निर्वेध गेली असती.

मुंबईतील घाऊक फळबाजार १९९६ साली क्रॉफर्ड मार्केटातून वाशीस गेला. २०१८ साली रत्नागिरी, सिंधुदुर्ग व लगतच्या भागांतील हापूसला भौगोलिक मानांकन मिळाले, आणि आपल्या बागेचे नाव छापलेला पुठ्ठ्याचा डबा थेट गिऱ्हाइकाच्या घरी पाठविणारे बागायतदार पुढे येऊ लागले. तरी हंगामापूर्वी दलालाकडून उचल घ्यावयाची, तिच्याबरोबर रिकाम्या पेट्याही घ्यावयाच्या, आणि माल त्याच्याच गाळ्यावर उतरवावयाचा, हा जुना रिवाज कोकणात पुष्कळ ठिकाणी चालत आलेला आहे. पेट्यांची किंमत पट्टीत वजा होते.